मान वाकडी करून पाहायचा फोटो

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर माझ्या नवऱ्यानं एक काळा चष्मा घेतला आणि घरातला मोबाइल बिघडला. म्हणजे बिघडला असं त्यांचं म्हणणं. फोन उभा धरला की सगळं ठीक दिसे. व्हिडिओ पाहायला आडवा केला की पडदा काळाठिक्कर. ते तणतणत चौकातल्या मोबाइलवाल्याकडे गेले. दुकानात शिरताना त्यांनी सवयीनं चष्मा काढून खिशात घातला, त्यामुळे तिथे फोन कसाही धरा, शहाण्यासारखा चालला. रस्त्यावर आले, चष्मा चढवला, फोन परत काळा. पुन्हा दुकानात, पुन्हा रस्त्यावर. शेवटी घरी येऊन मला म्हणाले, "ह्या फोनले दुकानदाराचा धाक हाय. मले त मोजतच नाई तो."

मी लगेच काही सांगितलं नाही. इतकी वर्षं हा माणूस माझ्या कॅमेऱ्याच्या काळ्या काचेला हसत आला होता, थोडी मजा मलाही हवी होती. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी कॅमेऱ्याच्या बॅगेतून ती काच, म्हणजे माझा फिल्टर, काढला, त्यांच्या चष्म्यासमोर धरला आणि विचारलं, "दिसून राह्यलं का?"

"दिसून राह्यलं."

मी फिल्टरची कडी हळूच फिरवली.

"अवं, लाइट गेली का?"

लाइट दिवसा अकरा वाजता जाऊन खिडकीबाहेरचं ऊन कसं नेईल, हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी फिल्टर माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच फिरवत बसले. अंधार, उजेड, अंधार, उजेड. चहाचा कप तसाच राहिला.

आमचा पांढरकवड्याला फोटो स्टुडिओ आहे. म्हणजे माझा आहे. ते शेती पाहतात, आणि लग्नसराईत माझ्यासोबत दिवे धरायला येतात. दिवे धरता धरता सल्ले देतात. मी दोन्ही डोळे कॅमेऱ्यात घालून बसलेली असते, त्यामुळे कान मोकळे सापडतात त्यांना.

हा फिल्टर मी घेतला तो तांड्यावरच्या लग्नांसाठी. आमच्या भागात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ. रोजच्या वापरात आता साड्याच असतात, पण लग्नात एखादी तरी बाई जुना पेहराव काढतेच. आरसे, कवड्या, भरतकाम. भर उन्हात त्या आरशांचे असे पांढरे डाग फोटोत येत की नवरीचा चेहरा शोधावा लागे. कुणीतरी सांगितलं, चमक मारायची असेल तर पोलरायझिंग फिल्टर लाव. मी मोठ्या हौसेनं मागवला, पहिल्याच लग्नात लावला, फिरवला, परत फिरवला. आरसे होते तसेच. माझा नवरा छत्री धरून उभा होता. ते म्हणाले, "आरसे चमकाचेच असते. त्यायले कायले गप्प करून राह्यली?"

राग आला. बरोबर बोललेल्या माणसाचा जास्तच येतो. घरी येऊन मी ह्या काचेचा नाद घेतला आणि हळूहळू तिचा स्वभाव कळत गेला.

उजेड थरथरत येतो, आणि उन्हाचा उजेड सगळ्या दिशांनी थरथरत येतो. तो पाण्यावर, काचेवर किंवा गुळगुळीत पानावर तिरपा आपटून परत निघाला, की बहुतेक एकाच दिशेनं थरथरायला लागतो. फिल्टरमध्ये एकाच दिशेची वाट ठेवलेली असते. कपाशीच्या तासांतून, म्हणजे ओळींमधल्या वाटेनं, लांब बांबू घेऊन जायचं असेल तर तो तासाच्या दिशेनं धरला की माणूस सरळ निघून जातो. आडवा धरला की पऱ्हाटीत अडकून बसतो. तसंच हे. कडी फिरवून आपण तासांची दिशा बदलायची, म्हणजे चमक अडकते आणि बाकीचा उजेड बऱ्यापैकी आत येतो. फोनच्या पडद्याचा उजेडही एकाच दिशेचा असतो, म्हणून चष्म्यातून तो आडवा केला की काळा. धातूवरून परतलेल्या उजेडाला मात्र अशी शिस्त नसते, आणि आरशाला मागून धातूचाच लेप असतो. म्हणून आरसे माझं ऐकत नव्हते.

पण बाकी बरंच काही ऐकत होतं. झरी जामणीकडच्या रस्त्याला पावसाळ्यानंतर सागाची पानं उन्हात पांढुरकी चमकतात. फिल्टर फिरवला की ती चमक गळून खालचा खरा हिरवा वर येतो. सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याला ठेवून आभाळ पाहिलं तर ते गडद निळं होतं, सूर्य पाठीशी घेतला तर काहीच होत नाही. तलावाच्या काठी तिरपं उभं राहिलं तर पाण्यावरचं आभाळ पुसलं जाऊन तळाचे दगड दिसतात. मी कितीदा तरी नुसती त्यासाठी गाडी थांबवलेली आहे. नवरा म्हणे, "दगडच पाहाचे हायेत त आपल्या वावरात चाल."

तर त्या वर्षी, चष्मा आणि फोनचं भांडण मिटल्यानंतर थोड्याच दिवसांनी, दोन बहिणी स्टुडिओत आल्या. झरीच्या वाटेवरच्या एका तांड्यातल्या. थोरली माझ्या वयाची, धाकटी दोन-चार वर्षांनी लहान. धाकटीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, त्याचे फोटो सांगायला आल्या होत्या. सगळं ठरलं तरी उठेनात. थोरलीनं धाकटीकडे पाहिलं, धाकटीनं भिंतीकडे. मग थोरली म्हणाली, "ताई, फोटोचा फोटो काढता येते का?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघी लहान असतानाच त्यांची आई गेली. तिचा एकच फोटो, खुर्चीवर बसलेला, पूर्ण पेहरावातला. तिची भरलेली ओढणी तिच्यासोबतच गेली. आता लग्नात मुलीला हुबेहूब तशीच ओढणी हवी होती. आजी तिनं पाहिलेली नव्हती, पण आजीची ओढणी पाहिजे म्हणून हटून बसली होती. कापड आणून ठेवलेलं, दोरे, कवड्या, आरसे सगळं तयार. दोघी बहिणींचा हात भरतकामात चांगला. आणि टाका एक पडत नव्हता, कारण ओढणीच्या टोकाला काय होतं, यावर दोघींचं भांडण लागलेलं.

"त्रिकोणाची ओळ होती," थोरली म्हणाली. "टोकाले टोक लागलेली."

"चौकटीत चौकट होती," धाकटी म्हणाली. "मले काय आठवत नाई का?"

"तू केवढी होती तवा!"

"तू काय लय मोठी होती का?"

फोटो पाहून का नाही ठरवत, असं मी विचारलं. मग थोरली म्हणाली, "तुमी या त खरं. आमच्या बापानं काय करून ठेवलं ते तुमीच पाहा."

साक्षगंधाच्या दिवशी सकाळीच आम्ही पोहोचलो. घर धाकटीचं, म्हणजे मूळ वडिलांचं. भाऊ नसल्यामुळे तीच तिथे राहिलेली, आणि थोरलीचं सासर त्याच तांड्यात पलीकडच्या ओळीत. वडिलांनी, मुली लहान असतानाच, कुडाचं घर पाडून विटांचं बांधलं तेव्हा बायकोचा फोटो चौकटीसकट भिंतीतच बसवून टाकला होता, चारी बाजूंनी सिमेंट भरून. लेकरांकडून पडू नये, कुणी हलवू नये म्हणून. आता तो काढायचा म्हणजे भिंत फोडायची. त्यातून दर दिवाळीला काच ओल्या फडक्यानं पुसून तिला कुंकू लावायचं. ते पाणी वर्षानुवर्षं चौकटीच्या फटीतून आत झिरपून कागद खालच्या अंगानं काचेला चिकटला होता आणि वर फुगला होता. म्हणजे भिंत फोडली तरी फोटो काचेपासून सुटा होणार नव्हता. ओढला तर आईच निघून आली असती कागदावरून.

आणि जागा तर अशी की मी कपाळाला हात लावला. लांबट खोली. एका टोकाला पुढचं दार, दुसऱ्या टोकाला परसाचं दार. फोटो लांब भिंतीच्या मधोमध आणि त्याच्या बरोबर समोर खिडकी. समोर उभं राहिलं की काचेत खिडकी दिसे. पुढच्या दाराकडून पाहिलं की मागचं दार दिसे, मागच्याकडून पाहिलं की पुढचं. रात्री दिवा लावला की दिवा दिसे. चेहरा वर होता, तो कसाबसा दिसायचा. खाली गुडघ्यांवर ओढणीची दोन्ही टोकं आलेली असावीत, तिथे सगळा नुसता पांढरा उजेड. आयुष्यभर त्या घरात वावरलेल्या धाकटीनंही ती टोकं फोटोत कधी पाहिलेली नव्हती.

"दारं-खिडकी लावून घ्या," मी म्हटलं, "मी दोन बाजूंनी दिवे लावते."

"पाहुणे येऊन राह्यले, ताई," थोरली म्हणाली. "आजच्या दिवशी दार-खिडकी लावलेली चालणार नाई."

वीजही सकाळपासून गेलेली होती. फ्लॅश मारून पाहिला, तर काचेत पांढरा गोळा आला. बाजूनं मारला तर फुगलेला कागदच चकाकला. मग मी फिल्टर काढला. समोर उभी राहिले, कडी फिरवली. खिडकी जागची हलली नाही. दोघी बहिणी माझ्या दोन बाजूंना उभ्या, मागे नवरा.

"आरशासारखंच झालं काय वं?" ते म्हणाले.

"तुम्ही दोन मिनिटं गप्प बसून राहा," मी म्हटलं. पाहुण्यांदेखत यापेक्षा जास्त बोलता येत नव्हतं.

मग तलाव आठवला. तलावातही सरळ खाली वाकून पाहिलं तर काही होत नाही. तिरपं पाहावं लागतं. समोरून सरळ परतलेला उजेड एका दिशेचा नसतोच, त्याला फिल्टर तरी काय करणार? मी पुढच्या दाराकडे सरकले आणि फोटोकडे तिरपं पाहत उभी राहिले. आता काचेत मागचं दार लख्ख होतं. कडी फिरवली. दार फिकट झालं, अजून फिकट झालं आणि नाहीसं झालं. त्या जागी एक बाई खुर्चीवर बसलेली होती, गुडघ्यांपर्यंत, पायांपर्यंत, सगळी. मी फोटो घेत सुटले. तिरपा आला तर आला, सरळ करायला संगणक आहे.

बाहेर येऊन मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोघींना दाखवायला गेले. उन्हात त्या एवढ्याशा पडद्यावर नीट दिसेना. आणि एका टोकाला चौकटीसारखं जे काही दिसलं त्यावर थोरलीचा विश्वास बसेना.

"कॅमेऱ्यात त तुमी कायबी दाखवता," ती म्हणाली. "मांगच्या लग्नात मले केवढी गोरी करून टाकलती. घरच्यायनं ओळखलं नाई."

हे खरं होतं. अल्बममधले चेहरे उजळायची आमच्या धंद्यात पद्धतच आहे आणि तिच्या बाबतीत माझा हात जरा सैल सुटला होता. आता मी काहीही दाखवलं असतं तरी धाकटीच्या बाजूचं निघालं तर ते माझं लबाड काम ठरणार होतं. साक्षगंधाच्या घरी त्या दोघी एकमेकींकडे न पाहता उभ्या होत्या, आणि आत पेटीवर ते कोरं कापड घडी घालून ठेवलेलं मला दिसत होतं. मुलगी दारात उभी राहून एकदा आईकडे, एकदा मावशीकडे पाहत होती. मला फार वाईट वाटलं. एवढा उजेड पुसून मी शेवटी काहीच केलं नाही असं वाटलं.

तेवढ्यात नवऱ्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. "हा पाह्य बरं लावून," ते थोरलीला म्हणाले. "मोबाइल काळा करते हा. कामाचा हाय."

त्यांच्या डोक्यात नेमकं काय होतं कोण जाणे, पण माझ्या डोक्यात लख्ख पडलं. चष्मा आणि माझा फिल्टर, दोन्ही एकाच जातीचे, आणि चष्म्यावर तिला माझ्या कॅमेऱ्यासारखा संशय येणार नव्हता! मी थोरलीला आत नेलं, पुढच्या दाराकडे माझ्यासारखंच तिरपं उभं केलं, चष्मा चढवला.

"काय दिसून राह्यलं?"

"दार."

माझा फिल्टर फिरतो. चष्मा कसा फिरणार? तो रस्त्याची, पाण्याची, म्हणजे आडव्या पडलेल्या गोष्टींची चमक मारण्यासाठी बसवलेला असतो. इथे काच उभी होती.

"ताई, मान वाकडी करा," मी म्हटलं. "अजून. पार खांद्यावर टाका."

भरजरी साडीतली, डोक्यावर पदर, डोळ्यांवर माझ्या नवऱ्याचा काळा चष्मा, अशा थोरलीनं मान खांद्यावर टाकली. पाहुणे दारात थबकले. कुणीतरी हसलं. ती हसली नाही.

"याडी," ती म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

मग एकदम मोठ्यानं, "त्रिकोणच हायेत! मी म्हणत होती ना! टोकाले टोक लागलेले हायेत!"

धाकटीचा चेहरा उतरला. पण थोरली पाहतच राहिली. तिची नजर दुसऱ्या गुडघ्याकडे सरकली असावी, कारण तिचं बोलणं मधेच थांबलं. मग तिनं स्वतःच्या हातानं चष्मा काढला, धाकटीच्या डोळ्यांवर चढवला, तिला त्याच जागी ओढून तिची मान आपल्या हातानं वाकवली. "पाह्य," एवढंच म्हणाली.

"हे त चौकटी..." धाकटी म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "दोन्ही हायेत वं बाई. एका टोकाले तुझे, एका टोकाले माझे."

"याडी मधात झोपत जाय," थोरली म्हणाली. "मी दाराकडून, तू भिंतीकडून. हिवाळ्यात ओढणी आपल्यावर टाकत जाय. एक टोक माझ्याकडं, एक तुझ्याकडं."

धाकटीचा चष्मा ओघळून नाकावर आला होता आणि मान अजून खांद्यावरच होती, आईजवळ निजलेल्या लेकरासारखी. मी कॅमेरा हातात असूनही तो फोटो काढला नाही. काढायला हवा होता असं नवरा आजही म्हणतो.

टोकं वेगळी का होती, ते कुणाला कळलं नाही. दोरा संपला असेल, नमुना बदलावासा वाटला असेल. पेटीवरचं कापड त्याच दिवशी, पाहुणे जेवायला बसले तेव्हा, उघडलं गेलं. एका टोकाला एक बहीण बसली, दुसऱ्या टोकाला दुसरी.

लग्नात नवरी ती ओढणी घेऊन मांडवात आली. ऊन चांगलंच होतं आणि आरसे असे तळपत होते की माझ्या फोटोंत पांढरे डागच डाग आले. मी फिल्टर बॅगेतून काढलासुद्धा नाही. एका पाहुणीनं विचारलं, दोन टोकं दोन तऱ्हेची कशी? थोरली लगेच म्हणाली, "आमच्यात अशीच असते." आता ती त्यांच्यात तशीच असते, परवा त्याच तांड्यातल्या दुसऱ्या एका नवरीच्या ओढणीची टोकंही मला वेगवेगळी दिसली.

आईचा फोटो मी सरळ करून, मोठा करून, चमक नसलेल्या कागदावर छापून दिला. झकास आला होता, एकेक टाका मोजून घ्यावा असा. त्यांनी तो दुसऱ्या भिंतीवर लावला आहे, हारही घातला आहे. पण त्याच्यापुढे कुणी थांबत नाही. चष्मा आम्हाला परत मिळाला नाही. तो भिंतीतल्या जुन्या फोटोशेजारी एका खिळ्याला टांगलेला असतो. पाव्हणारावळा आला की त्याला दाराशी तिरपा उभा करतात, चष्मा चढवतात आणि मान खांद्यावर टाकायला लावतात. माझा नवरा दुसरा चष्मा घेऊन हिंडतो आणि फोटोग्राफीत आपण काय शोध लावला ते ज्याला त्याला सांगतो. मी सांगू देते.

गेल्या महिन्यात त्या घरी गेले होते. नवरी माहेरी आली होती, तिची लेक नुकती चालायला लागलेली. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात ती दुडदुडत त्या भिंतीपाशी गेली. चष्मा उंच खिळ्याला होता, तिच्या हाताला लागणारा नव्हता. तिनं वर फोटोकडे पाहिलं आणि कुणी न सांगता मान खांद्यावर टाकली.